नमुना योग्य

दैवशाला स्वतः मला भेटायच्या आधी तिची डबी माझ्या टेबलावर आली होती.

जानेवारी महिना होता. हिवरवाडीची आशा सेविका नंदाबाई निळ्या थंड पेटीतून एकदम चौदा डब्या घेऊन आली. मी तेव्हा त्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते, कंत्राटी, आठवं वर्ष चाललेलं. राहायला अंबडला. रोज सकाळी घनसावंगीच्या गाडीत बसायचं आणि मधल्या फाट्यावर उतरून दवाखान्यापर्यंत चालत जायचं.

टीबीची जी मोठी तपासणी म्हणतात ती माझ्याकडे व्हायची. काचेवर थुंकी पसरून सूक्ष्मदर्शकात डोळे फोडायचं काम आता कमी झालं होतं. बेडक्यात औषध मिसळायचं, हलवायचं, पंधरा मिनिटं ठेवायचं, मग ते कार्ट्रिजमध्ये भरून मशीनच्या चार खान्यांपैकी एकात सरकवायचं. दोनेक तासांत पडद्यावर निकाल येतो: जंतू आढळले किंवा आढळले नाहीत. कधीकधी नुसतं ‘एरर’ येतं, आणि ते कार्ट्रिज वाया जातं. मशीन जंतूच्या जनुकाचा तुकडा शोधतं, फार हुशार आहे. पण डबीत जे असेल त्यातच शोधतं. बेडका छातीतून आलेला पाहिजे, घट्ट, पिवळट. तोंडातली लाळ दिली तर ते लाळेतच शोधतं आणि नाही म्हणून सांगतं. हे मला पहिल्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. नमुना पाण्यासारखा असेल तर लावायचा नाही, परत मागवायचा.

त्या दिवशी चौदापैकी अकरा डब्यांत पाणी होतं.

“नंदाबाई, हे काय आणलंत? ही तर लाळ आहे.”

“मंग काय करू ताई? दुपारी ग्रामपंचायतीत बाया जमवल्या अन् म्हणलं थुंका. ज्याला खोकलाच न्हाई त्याच्या छातीतून काय निघंल?”

“खोकला नाही तर घेता कशाला?”

“आकडा पायजे ना,” ती म्हणाली आणि पेटी धुवायला नळावर गेली.

आकड्याचं असं होतं की हिवरवाडीला टीबीमुक्त गावाचं प्रमाणपत्र मिळवायचं होतं. त्यासाठी लोकसंख्येच्या हिशेबाने ठरावीक तपासण्या व्हायला लागतात आणि सापडलेले रुग्ण मोजकेच असावे लागतात. गाव दोन हजारांच्या आतलं. तपासण्या साठच्या आसपास हव्या होत्या, आणि वर्षभरात दोन रुग्ण सापडले की गाव बाहेर. तालुक्याचं हे काम बघणारे सुपरवायझर कल्याण सर. मी अकरा डब्या बाजूला काढल्या आणि त्यांना फोन केला.

“मॅडम, परत पाठवलेली डबी तपासणीत धरत न्हाईत,” ते म्हणाले. “लावून टाका सगळ्या.”

“सर, लाळ लावून काय उपयोग? आधीच दोन खाने बंद आहेत, कार्ट्रिज पण—”

“उपयोग मला नका सांगू. वरून रोज विचारून राह्यलेत, किती झाल्या, किती झाल्या. तुमचं रिन्युअल बी जवळ आलंय. लावा.”

हे सगळं ते धमकी दिल्यासारखं बोलले नाहीत. चहा घेतला का विचारावं तसं बोलले. मी चार-चार नाही, दोन-दोन करत तीन दिवस त्या डब्या लावल्या. प्रत्येक फॉर्मवर ‘नमुन्याची प्रत’ असा एक रकाना असतो. अकरा फॉर्मवर मी ‘योग्य’ लिहिलं आणि सही केली. त्यातलं एक नाव दैवशाला भारत असं होतं. वय चौतीस. काम: शाळेत खिचडी शिजवणे. तक्रार: दोन महिन्यांपासून खोकला. आढळले नाहीत.

चौदांतल्या ज्यांना खरंच खोकला होता त्यात ती एक होती. ते मी फॉर्मवर वाचलं होतं का? वाचलं असेल. डबीत लाळ होती तेही दिसलं होतं.

*

मार्चमध्ये ती नवऱ्याबरोबर स्वतः आली. भारत, तिचा नवरा, उंच, हडकुळा, ऊसतोडीच्या टोळीचा हिशोब ठेवणारा माणूस, कमी बोलायचा. ती त्याच्यामागे पदराने तोंड धरून उभी. अंगातलं पोलकं दोन बोटं सैल झालं होतं. डॉक्टरांनी जानेवारीचा कागद बघून खोकल्याचं औषध आणि गोळ्या दिल्या होत्या, दोनदा. चुलीच्या धुराचा खोकला म्हणाले होते. घरात, शाळेत, गावात सगळ्यांनी धुराचंच धरलं होतं. तिनेसुद्धा.

“मशीनच्या टेस्टला न्हाई आल्तं,” भारत म्हणाला. “मंग हिचं वजन काहून उतरून राह्यलं?”

मी तिला डबी दिली आणि म्हटलं, बाहेर झाडाखाली जा, चूळ भरा, तीनदा खोल श्वास घ्या आणि पोटातून खोकून बेडका काढा.

ती गेली आणि लगेच आली. डबीत फेस.

“हे नाही चालणार. खालून काढा, छातीतून.”

“तिथं माणसं उभी हायेत ताई,” ती हळू आवाजात म्हणाली. “घरी बी न्हाई जमत. सकाळी उठलं की खाकरायला येतं, पण सासरे वसरीवर असतात. मी गिळून घेते.”

मला तेव्हा तिच्यासोबत दवाखान्याच्या मागच्या बाजूला जायला पाहिजे होतं. तिथे कोणी नसतं. पण खिडकीशी रांग होती, शुगरचे, गरोदर बायांचे नमुने. मी म्हटलं, परत एकदा प्रयत्न करा. तिने केला. जरासा काहीतरी चिकट धागा आला. तो मी लावला. मध्येच लाइट गेली, बॅटरी जुनी झाली होती, ती दहा मिनिटंही टिकली नाही. पडद्यावर एरर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायला गेले तर कार्ट्रिज संपले होते. मागणी मी तीन आठवडे आधीच पाठवली होती. जिल्ह्यातही नव्हते. पाच आठवडे मशीनवर मी कापड टाकून ठेवलं. त्या पाच आठवड्यांत काचेवर थुंकी बघायचं काम परत सुरू झालं. दैवशालाची काच केली, काही दिसलं नाही. काचेवर दिसायला जंतू हजारोंनी लागतात आणि तिने आणलेली पुन्हा लाळच होती.

भारत दोनदा विचारायला येऊन गेला. “आलं का मशीनचं सामान?” एवढंच. मी नाही म्हटलं की मान हलवून निघायचा.

मी डॉक्टरांना सांगितलं, या बाईचा एक्स-रे करा. त्यांनी लिहून दिला. एक्स-रेवाला आठवड्यातून दोन दिवस यायचा. दैवशाला आणि भारत आले त्या दिवशी तो निवडणुकीच्या कामावर होता. हे सगळं एकत्र ऐकलं की कोणीतरी ठरवून केल्यासारखं वाटतं. कोणी काही ठरवलं नव्हतं. प्रत्येकाने आपल्यापुरतं थोडं थोडं सोडून दिलं होतं.

*

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कार्ट्रिज आले. मी नंदाबाईला फोन करून सांगितलं, दैवशालाला काहीही न खाता सकाळीच घेऊन या. शाळेला सुट्टी लागली म्हणून ती माहेरी गेली होती, अंबडच्या पलीकडे. घरकाम होत नव्हतं, म्हणून सासू चांगुणाबाईनेच तिला पाठवलं होतं. तिची पाच वर्षांची मुलगी तृप्ती हिवरवाडीला आजीजवळ राहिली होती. दैवशाला भावाच्या मोटारसायकलवर बसून आली. उतरल्यावर भिंत धरून उभी राहिली.

या वेळी मी तिला मागच्या बाजूला नेलं. पाठीवर हात फिरवला, मिठाच्या गरम पाण्याची वाफ घ्यायला दिली. वीस मिनिटं लागली. मग आला बेडका, घट्ट, त्यात रक्ताची रेघ. ती डबीकडे बघत राहिली.

“हे पायजे होतं व्हय?” ती म्हणाली. “हे तर रोज येतं.”

साडेअकराला निकाल आला. जंतू आढळले, प्रमाण जास्त. नेहमीच्या औषधाला दाद देणारे, एवढंच बरं.

निकाल ऑनलाइन भरायचा असतो. मी भरायला बसले तेवढ्यात कल्याण सर आले. त्यांना नंदाबाईकडून कळलं होतं. खुर्ची ओढून बसले आणि पडद्याकडे बघून म्हणाले, “हिवरवाडीत फेब्रुवारीत एक म्हातारा निघाला. ही दुसरी. गाव गेलं.”

मी पत्त्याच्या रकान्यात हिवरवाडी टाकलं.

“तातेराव सरपंचांनी कमान करायला टाकली बगा. ती सध्या राह्यते कुठं?”

“माहेरी.”

“मंग माहेरचा पत्ता टाका. औषध बी तिकडच्याच केंद्रातून मिळंल तिला, जवळ पडंल. खोटं काय हाय त्यात? ती बराबर तिथंच राहून राह्यली ना?”

“सर, घर हिवरवाडीचं आहे. लेकरू तिथे आहे. घरच्यांची तपासणी करावी लागते.”

“तिकडचे लोक करतील घरच्यांची. भाऊ, भावजय, सगळ्यांची.” ते उठले. “टाका मॅडम. बिलकुल काही होत न्हाई.”

मी पत्त्याच्या रकान्यातलं हिवरवाडी पुसलं आणि तिच्या माहेरच्या गावाचं नाव टाकलं. त्यांनी माझा हात धरून लिहवून घेतलं नाही. ते दारातून बाहेर पडले होते, मोटारसायकल सुरू करत होते. मी एकटी होते आणि मीच टाकलं.

घरात टीबी निघाला की गावातली आशा त्या घरी जाते. कोण खोकतं, कोणाला ताप येतो ते विचारते. लहान लेकरांना आजार नसला तरी आधीच गोळ्या सुरू करतात. दैवशालाच्या माहेरी माणसं गेली, भावाच्या दोन्ही पोरांना गोळ्या मिळाल्या. हिवरवाडीच्या घरी कोणी गेलं नाही. त्या घरात कागदावर कोणी रुग्णच नव्हता. नंदाबाईला खरं माहीत होतं. ती मला नंतर म्हणाली, “यादीत नाव न्हाई तर गोळ्या कुठून देऊ ताई?”

*

जूनच्या मध्यावर तृप्तीला ताप आला. चांगुणाबाईने गावातल्या डॉक्टरकडून सलाईन लावून आणलं. ताप उतरायचा आणि परत चढायचा. पोरगी चिडचिडी झाली, उजेड नको म्हणायची. दहाव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि तिने आजीला ओळखलं नाही. भारतने जीप केली, जालन्याला नेलं. तिथून संभाजीनगरला पाठवलं.

हे मला नंतर भारतनेच सांगितलं. तिथल्या डॉक्टरीण बाईने मणक्यातलं पाणी काढलं आणि आमच्यासारख्याच मशीनवर लावलं. निकाल आला: आढळले नाहीत. भारतला वाटलं सुटलो. त्या बाईने त्याला समोर बसवून विचारलं, घरात कोणाला टीबी आहे का? तो म्हणाला, हिच्या आईला. त्यावर ती म्हणाली की मेंदूच्या पाण्यात जंतू इतके थोडे असतात की मशीनला निम्म्या वेळा सापडत नाहीत, मशीन नाही म्हणालं म्हणून मी थांबणार नाही. त्याच दुपारी तिने औषध सुरू केलं.

पोरगी वाचली. दीड महिना तिथे होती. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, आणि बोलताना शब्द शोधायला लागली.

ऑगस्टमध्ये एका सकाळी भारत लॅबच्या खिडकीशी आला. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात कागद. रांग नव्हती. मी त्याला आत बोलावलं. तो स्टुलावर बसला आणि एक एक कागद टेबलावर ठेवत गेला. जानेवारीचा, मार्चचा, मेचा. माहिती अधिकारात फॉर्मच्या प्रती काढल्या होत्या. टोळीचा हिशोब ठेवणारा माणूस, कागद वाचायची सवय होती त्याला.

“ही सही तुमची ना मॅडम?”

“हो.”

“हितं लिवलंय नमुना योग्य. योग्य व्हता का?”

“नाही. लाळ होती.”

त्याने बोट पुढे सरकवलं. “अन् हा पत्ता? दैवशाला तर माझ्या घरची हाय.”

“तो मी बदलला.”

“कोणी सांगितलं?”

मी सांगितलं. त्याने कागद परत एकावर एक लावले, कडा जुळवल्या. मला वाटलं आता ओरडेल, मारेल कदाचित. मारलं असतं तर बरं झालं असतं असंही मनात आलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली, की इथेही मी आपलं हलकं कसं होईल तेच बघतेय.

“तिनं मला लगीच सांगितलं व्हतं,” तो म्हणाला. “जानेवारीतच. म्हणली, माझी थुंकीच गेली त्यात, बेडका न्हाई गेला. मी म्हणलं, मशीन हाय, तिला समजतं सगळं.”

मग तो उठला आणि गेला. चहा विचारायचं मला सुचलं नाही. विचारला असता तरी त्याने घेतला नसता.

*

त्याने तक्रार केली. पंधरा दिवसांनी मला लेखी खुलासा द्यायला सांगितलं. कल्याण सरांनी फोन केला.

“लिवा की नमुना दिसायला बराबर व्हता. नजरेचा अंदाज चुकू शकतो, त्यात गुन्हा न्हाई. पत्त्याचं लिवा, पेशंटनं स्वतः सांगितला.”

“तिने सांगितला नव्हता.”

“मॅडम, तुमच्या घरी तुमच्या पगारावर दोघं हायेत. मी तुमच्या भल्याचं बोलून राह्यलो.”

घरी आई आणि कॉलेजात जाणारा भाऊ धम्मपाल. त्यांना मी काही सांगितलं नाही. एका रविवारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून खुलासा लिहिला. जानेवारीत अकरा नमुने लाळेचे होते, ते परत न पाठवता लावले, कोणाच्या सांगण्यावरून लावले, मेमध्ये पत्ता कोणाच्या सांगण्यावरून बदलला, बॅटरीची मागणी कितीदा केली, कार्ट्रिजचे पाच आठवडे, सगळं तारखांसह. दोन पानं झाली. त्यात कुठेच ‘माझा नाइलाज होता’ असं लिहिलं नाही. लिहावंसं फार वाटत होतं.

चौकशीला तिघं जण आले. माझा खुलासा फाइलला लावला. कल्याण सरांनी त्यांचा लावला, त्यात त्यांनी असा फोन केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. सप्टेंबरअखेर माझं कंत्राट संपलं आणि कामात निष्काळजीपणा म्हणून पुढे चालू झालं नाही. कल्याण सर दुसऱ्या तालुक्याला गेले. दैवशालाला शाळेने परत घेतलं नाही. तिच्या जागी दुसरी बाई लागली होती आणि पोरांचे आईबाप तिच्या हातचं नको म्हणत होते. औषध पूर्ण झालं, ती बरी झाली, तरी नको म्हणत होते.

पुढच्या मार्चमध्ये हिवरवाडीला प्रमाणपत्र मिळालं. पेपरात फोटो आला होता. तातेराव, दोन साहेब, हार घातलेली नंदाबाई. तपासण्या पासष्ट, रुग्ण एक. भारतने पत्त्याची दुरुस्ती करायला अर्ज दिला होता, तो पुढे सरकला की नाही, मला कळलं नाही.

मी आता अंबडला कोर्टाच्या रस्त्यावर एका खाजगी लॅबमध्ये रक्त काढते. शुगर, थायरॉइड, लग्नाच्या आधी करतात त्या तपासण्या.

एप्रिलमध्ये दैवशाला तिथे आली. अंगाने भरली होती, मी आधी ओळखलं नाही. तिने ओळखलं. कडेवर तृप्ती होती, खरं तर कडेवर घ्यायच्या वयाची नव्हती. मुलीचं औषध जूनपर्यंत चालायचं होतं आणि डॉक्टरांनी लिव्हरची तपासणी लिहून दिली होती.

“तुम्ही हितं असता व्हय आता,” ती म्हणाली.

“हो. सात महिने झाले.”

“ह्यांनी सांगितलं मला. तुम्ही सगळं खरं लिवून दिलं म्हणे.”

तिने मुलीला खुर्चीवर बसवलं, फ्रॉक गुडघ्यावर नीट ओढला.

“जल्दी लिवायचं व्हतं ताई,” ती म्हणाली. रागाने नाही. घरातल्या माणसाला एखादी चूक सांगावी तसं म्हणाली आणि पुढचं बोलायचं असेल ते गिळून टाकलं.

मी पट्टी आणि सुई घेतली. या वयाची पोरं सुई दिसली की आईच्या मानेत तोंड खुपसतात, दोन माणसांनी धरावं लागतं. तृप्ती हलली नाही. तिने डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवला.

“ह्या हातातून काढ,” ती म्हणाली. मग थांबली, पुढचे शब्द शोधत राहिली. आईने सांगायला तोंड उघडलं, तिने मान हलवून तिला थांबवलं. “ह्या हाताला… लागत न्हाई.”

मी दंडाला पट्टी बांधली आणि शीर शोधू लागले.